देगलूरच्या हिवाळी पाहुण्या

देगलूर म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना पंढरपुरातला देगलूरकरांचा मठ आठवतो. जुन्या पिढीतल्या कोणाला धुंडा महाराजांचे ज्ञानेश्वरीवरील निरूपण आठवते, तर मूर्तिशास्त्राची गोडी असणाऱ्याला डॉ. गो. बं. देगलूरकरांचे ग्रंथ. पण खुद्द देगलूर पाहून आलेला माणूस पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात सहसा भेटत नाही. त्याचे नवल वाटायला नको. हे गाव वाटेवर लागत नाही. तिथे मुद्दाम जावे लागते. नांदेडहून दक्षिणेला निघावे, नायगाव आणि नरसी मागे टाकावी, आणि ऐंशीएक किलोमीटर झाले की लेंडी नदीच्या आसऱ्याने वसलेले हे तालुक्याचे ठिकाण येते. रेल्वे अजून इथवर पोचलेली नाही. याच रस्त्याने थोडे पुढे गेले की तेलंगणातले मदनूर लागते, दुसरीकडे वळले की कर्नाटकातले औराद.

अशा सीमेवरच्या गावात भाषा एकमेकींच्या अंगणात सहज येतात-जातात. आता कोंबडीचेच पाहा. मराठी माणूस तिला कोंबडी म्हणतो, दखनी बोलणारा मुर्गी म्हणतो, तेलुगू माणूस 'कोडि' आणि कानडी माणूस 'कोळि'. कोंबड्याला तेलुगूत 'पुंजु' म्हणतात आणि कानडीत 'हुंज'. जुन्या कानडीतला 'प' पुढे 'ह' झाला, हे भाषाशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांना सांगताना आम्हां प्राध्यापकांची दमछाक होते; देगलूरच्या बाजारात तो नियम टोपलीत पाय बांधून बसलेला असतो! १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते, १९५६ च्या नोव्हेंबरात ते मुंबई राज्यात आले आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. राज्ये बदलली, परसातले खुराडे मात्र जागचे हलले नाही.

त्या खुराड्याविषयीच मला आज सांगायचे आहे.

मी देगलूरला गेलो तो एका व्याख्यानाच्या निमित्ताने, डिसेंबरात. मराठवाडा म्हणजे रणरणते ऊन, अशी आपली समजूत असते. ती उन्हाळ्यापुरती खरी आहे. मार्गशीर्षात मात्र तिथे उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो आणि पहाटे अंगावरची सोलापुरी चादर अपुरी पडते. पारा दहा अंशांच्या खाली उतरला तरी तिथे कोणी त्याची बातमी करीत नाही. सकाळी दारोदारी शेकोट्या पेटलेल्या दिसल्या की समजावे. वेळा अमावस्या दोन दिवसांवर आली होती. लातूर-धाराशिवकडचा आणि नांदेडच्या या भागातला हा शेताचा सण. त्या दिवशी गावेच्या गावे शिवारात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण होते. माझे स्नेही, जे तिथल्याच महाविद्यालयात शिकवतात, त्यांच्या घरी त्या तयारीची धांदल चालू होती. तरीही त्यांनी मला दुपारी होट्टलला नेले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली ती मंदिरे पाहिली. सिद्धेश्वराच्या मंदिराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहताना मान दुखून आली, पण मन भरले नाही. आठ-नऊशे वर्षांचा दगड जपला पाहिजे याबद्दल आम्हां दोघांचे तत्काळ एकमत झाले. जुने जपण्याची आपली कल्पना बहुधा दगडांपाशी आणि ग्रंथांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. स्नेह्यांच्या आईला सारी गल्ली 'अक्का' म्हणते. मीही तेच म्हणू लागलो. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ किंचित वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. त्या परसात बसून कोंबड्यांना ज्वारी टाकीत होत्या. मी मोजल्या, अकरा भरल्या. कोंबड्या म्हटल्यावर जे तुकतुकीत चित्र डोळ्यांपुढे येते तशी त्यांतली एकही नव्हती. एकीच्या मानेवर पीस नव्हते. एकीच्या पायांचे खवले उठून पाय चुन्याने सारवल्यासारखे झाले होते. एक एका डोळ्याने आंधळी होती आणि दाणा टिपताना दर वेळी बोटभर चुकत होती. प्रत्येकीच्या पायाला चिंधी बांधलेली, कोणाची लाल, कोणाची हिरवी, कोणाची लुगड्याच्या काठाची.

मी विचारले, "अक्का, एवढ्या कोंबड्या तुमच्या?"

"माझ्या कामून? माझ्या दोनच. बाकीच्या पाहुण्या आल्यात. उन्हाळा लागला की जातील आपापल्या घरी."

पाहुण्या! मला वाटले अक्का थट्टा करताहेत. पण स्नेह्यांनी खुलासा केला, आणि तो ऐकताना मी चहा प्यायचे विसरलो.

दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात चार-पाच महिने राबायचे. काही कुटुंबे हैदराबादकडे बांधकामावर जातात, काही वीटभट्ट्यांवर. घराला कुलूप लागते. बैल असला तर तो बरोबर जातो, शेळी विकली जाते किंवा निम्म्या वाट्यावर कोणाला तरी पाळायला दिली जाते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आहेत. कोंबड्यांसाठी अर्थातच कोणी काढलेली नाहीत. अंड्यावर आलेली तलंग कोणीही हसत विकत घेते. कोंबडा तर दिवाळीनंतर टिकतच नाही. प्रश्न उरतो तो चार-पाच वर्षांच्या म्हाताऱ्या कोंबडीचा. तिला बाजारात भाव नाही, मांस चिवट म्हणून घरी कापायचा उत्साह नाही, आणि बरोबर न्यावी तर ट्रॅक्टरवर माणसांनाच जागा नाही. मग ती मागे राहते. कुलूप लावलेल्या दारापुढे दोन दिवस दाणा शोधीत हिंडते. तिसऱ्या दिवशी बोका, मुंगूस किंवा थंडी, यांपैकी कोणीतरी तिचा हिशेब मिटवते.

"तरण्या कोंबडीला कुनी बी घर देतंय सर," अक्का म्हणाल्या. "म्हातारीनं कुठं जावं मंग?"

आणि म्हणून जाणारी बाई जाताना आपली म्हातारी कोंबडी पदराखाली घेऊन अक्कांच्या दारी येते. चिंधी बांधली जाते. कोणती चिंधी कोणाची, हे अक्कांच्या डोक्यात पक्के असते. वही नाही, पावती नाही.

या व्यवहारात शुद्ध परोपकारच आहे असे समजू नका. अक्का हिशेबाला कच्च्या नाहीत. म्हातारी कोंबडी अंडी देईनाशी झाली, तरी तिच्या अंगची ऊब आणि आईपण लगेच आटत नाही. अजून खुडूक होणारी एखादी असली की अक्का तिच्याखाली गल्लीतली दहा-बारा अंडी ठेवतात. हैदराबादेजवळ राजेंद्रनगरच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया', बंगळूरची 'गिरिराज', या सुधारलेल्या जातींच्या कोंबड्या खुडूक क्वचितच बसतात. त्यांची अंडी उबवायला गावरान म्हातारीच लागते. २१ दिवस ती जागची हलत नाही. पिले निघाली की निम्मी अंडीवाल्याची, निम्मी कोंबडीच्या मालकिणीची. अक्कांना त्यांतले एखादे. म्हणजे गावी परतणाऱ्या बाईला आपली म्हातारी मिळते आणि कधी कधी तिच्यामागे दोन-तीन पिलेही. बायकांच्या हाती येणारा मिठामिरचीचा पैसा असा पुन्हा सुरू होतो.

पण अकरांपैकी अशा कामाच्या तीन. उरलेल्या आठ नुसत्या खाणाऱ्या. त्यांचे काय?

"दोन ओंजळी दाण्यानं माझं काय जाऊ लालंय?" एवढेच उत्तर मिळाले.

रात्रीची व्यवस्था पाहण्यासारखी होती. खुराडे दगडमातीचे, वर तुराट्या आणि पत्रा. उत्तरेच्या बाजूला बारदान लावलेले; पण वरच्या अंगाला वीतभर फट मुद्दाम ठेवलेली. सगळीकडून बंद केले तर आतली ओल आणि विष्ठेची वाफ कोंबड्यांना थंडीपेक्षा आधी मारते, हे अक्कांना कोणी शिकवले नव्हते. कोंबडीच्या अंगात मूळची ऊब भरपूर असते. तिचे तापमान ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला कडक ताप वाटावा इतके. पिसे फुगवून ती ती ऊब धरून ठेवते. पण हिवाळ्याच्या तोंडी पिसे झडतात, आणि म्हाताऱ्या कोंबडीला नवी यायला वेळ लागतो. तेवढे दिवस तिला बाहेरून मदत हवी. म्हणून खाली भाताच्या तुसाचा कोरडा थर, संध्याकाळी रात्रभर पुरेल अशी अख्खी ज्वारी आणि सकाळी कोमट पाणी. पायांचे खवले उठलेल्या कोंबडीला रोज तेलाचे बोट. एका कोपऱ्यात चुलीची राख; तीत लोळून अंगावरची लिख-पिसवा ती स्वतःच झाडते. नवी पाहुणी आली की पंधरा दिवस तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवायचे, कारण 'मर' कोणत्या घरून येईल ते सांगता येत नाही. ही मर म्हणजे मानमोडी. तिचे शास्त्रातले नाव आपल्याच देशातल्या एका गावावरून पडले आहे: १९२७ च्या सुमारास रानीखेतला ती आढळली म्हणून 'रानीखेत'. तिची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, आणि अक्का ती दर वर्षी टोचून घेतात. नव्याजुन्यापैकी जे उपयोगाचे ते घ्यावे, असे त्यांचे धोरण आहे.

शहरात आपण अंडे खातो ते या खुराड्यातले नसते. भारतात अंड्यांचा धंदा उभा राहिला तो डॉ. बी. व्ही. राव यांच्यासारख्या माणसांमुळे. त्यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी केली. त्या धंद्याने गरिबाच्या ताटात अंडे आणले, हे विसरून चालणार नाही. पण त्या धंद्याचे गणित कठोर आहे. पांढरी कोंबडी विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते, वर्षाकाठी तीनशेच्या वर अंडी देते आणि ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिचा खर्च निघेनासा होतो. मग तिची रवानगी खाटकाकडे. एरवी कोंबडी सहा-आठ वर्षे सहज जगू शकते. आपल्याकडे डिसेंबरातला दिवस साधारण ११ तासांचा. त्यामुळे परसातली कोंबडी हिवाळ्यात आपोआप विसावा घेते. फार्मवर दिवे लावून दिवस १६ तासांचा केला जातो आणि हा विसावाही मिळत नाही. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा मोठ्या वहीच्या एका पानाहून जास्त नसते. युरोपीय संघाने असले साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये या विषयावर एक स्वतंत्र अहवाल दिला आहे.

इंग्लंडात २००५ साली जेन हॉवर्थ नावाच्या बाईंनी अशा निवृत्त कोंबड्यांना घरे शोधून देणारी संस्था काढली. आजवर लाखो कोंबड्या तिथल्या लोकांच्या परसात गेल्या. हौशी मंडळींनी पिसे झडलेल्या कोंबड्यांसाठी लोकरीचे स्वेटरही विणले! मी ही हकीकत अक्कांना सांगितली, तेव्हा त्या पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "सुटर घातल्यावर ती अंग कसं खाजवंल?" नेमकी हीच शंका पुढे तिकडच्या जाणकारांनी घेतली होती: स्वेटराखाली कोंबडीला चोचीने पिसे साफ करता येत नाहीत.

आपल्याकडेही भूतदयेची परंपरा काही लहान नाही. मुंबईचा पांजरापोळ १८३४ पासून आहे, आणि दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात जैनांचे पक्ष्यांचे रुग्णालय आहे. परंतु भाषेकडे पाहिले तर कोंबडी या दयेच्या बाहेरच राहिलेली दिसते. गाय आटली की तिला 'भाकड' म्हणतात, आणि भाकड गाईचे काय करावे यावर सभा भरतात. अंडी द्यायची थांबलेल्या कोंबडीसाठी असा रोजच्या वापरातला शब्द मराठीत नाही. कसा असेल? शब्द पडायचा तर ती वस्तू काही काळ तरी डोळ्यांपुढे राहावी लागते.

अक्कांच्या शेजारी एक खाला राहतात. त्यांच्याही दोन म्हाताऱ्या या खुराड्यात असतात, कारण त्यांच्या घराला परस नाही. त्या बदल्यात त्या रोज कणी आणून देतात. मी त्यांना विचारले की, म्हाताऱ्या कोंबड्या सांभाळून काय मिळते? त्यांनी मलाच उलट विचारले, "बूढी हुई बोलके घर से निकालते क्या?"

रात्री साडेआठच्या सुमाराला अक्कांचा भ्रमणध्वनी वाजला. सांगलीकडच्या एका उसाच्या फडातून नऊ-दहा वर्षांची मुलगी बोलत होती. तिला वसतिगृहात ठेवायला आईबाप धजले नव्हते, म्हणून तीही फडावर गेली होती. तिची चौकशी एकच.

"आजी, माझी काबरी हाय का?"

"हाय माय. दाणे खाऊन झोपली बग."

पण मुलीचा विश्वास बसेना. तेव्हा अक्का उठल्या, काठी टेकीत परसात गेल्या आणि तो फोन खुराड्याच्या फटीशी धरून उभ्या राहिल्या. आतून झोपमोड झालेल्या कोंबड्यांचा कुरकुराट झाला. त्यांत काबरीचा आवाज कोणता हे मला कळले नाही. पण पलीकडे ते बरोबर कळले असावे, कारण मुलगी हसल्याचे ऐकू आले.

वाचकांनी यावरून अशी कल्पना करून घेऊ नये की, उन्हाळ्यात घरी गेलेली प्रत्येक कोंबडी पुढे सुखाने नांदते. कधी एखादी इथेच मरते. मग अक्का तिला लिंबाखाली पुरतात आणि पायाची चिंधी ठेवून देतात, मालकीण आली की तिच्या हाती द्यायला. कधी फडावरून परतलेली माणसे आल्याआल्या, जत्रेच्या नाहीतर पाहुण्याच्या निमित्ताने, तीच कोंबडी कापतात. मी दुखावल्यासारखा चेहरा केला असावा, कारण अक्का समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, "त्यांची कोंबडी हाय, सर. त्यांची भूक बी त्यांचीच हाय. माझ्या दारात हाय तोवर तिला थंडी लागू द्यायची न्हाई, येवढंच माझं."

दया करणाऱ्याने दयेची हद्द इतकी नेमकी आखलेली मी फारशी पाहिली नाही. आपण शहरातली माणसे एक तर जगाचा उद्धार करायला निघतो, नाहीतर आपल्याने काय होणार म्हणून दार लावून घेतो. अक्कांनी चार महिने आणि एक खुराडे एवढेच आपले मानले आहे, पण तेवढे खरोखरच आपले मानले आहे.

ही रीत किती दिवस टिकेल हे सांगणे कठीण आहे. पक्ष्यांच्या तापाची भीती आता दर हिवाळ्यात डोकावते. २००६ मध्ये तो देशात पहिल्यांदा नवापूरला आला, तेव्हा ती दूरची बातमी होती. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला, आणि २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या उदगीरला कावळे मरून पडू लागले. रोग निघाला की त्या ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरच्या टापूतल्या सगळ्या कोंबड्या सरकारी पथक नष्ट करते. ते माणसांच्या काळजीने करावेच लागते. तिथे चिंधीचा रंग पाहिला जात नाही. उदगीरची बातमी आली तेव्हा अक्कांनी जाळी लावून कोंबड्या महिनाभर आतच ठेवल्या होत्या.

पण खुराड्यावरचे खरे संकट घरातलेच आहे. माझ्या स्नेह्यांनी नवे घर बांधायचे ठरवले आहे. जुने माळवद गळते, भिंतींना ओल येते. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. नकाशा त्यांनी मला मोठ्या हौसेने दाखवला. पुढे मोटार उभी करायची जागा, मागे दोन खोल्या, वर गच्ची. परस त्या नकाशात उरलेला नव्हता. अक्का तिथेच शेंगा निवडीत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येते, पण नकाशातले काही कळत नाही, असे त्या म्हणाल्या. मग हळूच विचारले, "ह्यो तिरपा पट्टा कशाचा?"

"जिना आहे, आई. गच्चीवर जायचा."

"आन् त्याच्याखाली काय?"

"काही नाही. मोकळी जागा. बॅटरी-बिटरी ठेवू."

अक्का काही बोलल्या नाहीत. शेंगा निवडीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला, त्याने पायाची फक्की मारली. मी निघण्याच्या तयारीत अंगणात उभा होतो. जिन्याची जागा आली तेव्हा अक्का काठी घेऊन तिथे गेल्या आणि ती जमिनीवर आडवी ठेवून गवंड्याला म्हणाल्या, "इथं दोन काठ्या लांब, एक काठी रुंद. वरच्या अंगाला वीतभर फट ठेव. आन् तोंड उत्तरेला नको."

गवंड्याने माझ्या स्नेह्यांकडे पाहिले. स्नेह्यांनी क्षणभर नकाशाकडे पाहिले, क्षणभर आईकडे. मग म्हणाले, "मिस्त्री, अक्का म्हणतात तसं करा."